उत्पन्न असमान असताना घटस्फोटात मालमत्ता आणि पैशांची न्याय्य वाटणी कशी करावी

घटस्फोटाची बोलणी घरापाशी आली की बहुतेक वेळा एक वाक्य ठरलेले असते : "हप्ते माझ्या पगारातून गेले, त्यामुळे घर माझे." असे म्हणणारा माणूस खोटे बोलत नसतो, कारण त्याच्या खात्याच्या उताऱ्यात प्रत्येक हप्त्याची नोंद असते. मात्र त्याच वर्षांत दुसऱ्या जोडीदाराच्या पगारातून किराणा, दूध, शाळेची फी, सासऱ्यांची औषधे आणि कामवाल्या मावशींचा पगार भागलेला असतो, किंवा मुलांसाठी तिने नोकरीच सोडलेली असते, आणि या कशाचीही पावती कोणी जपून ठेवलेली नसते. कमी मिळवणाऱ्याचे योगदान खर्चात विरून जाते आणि जास्त मिळवणाऱ्याचे योगदान मालमत्तेच्या रूपाने उरते. म्हणून केवळ कागदावरच्या नावांवरून केलेली वाटणी हिशेबाला बरोबर दिसली तरी न्यायाला धरून होत नाही. शिवाय दोघांच्या उत्पन्नातली तफावत हीसुद्धा बऱ्याच अंशी संसारातच तयार झालेली असते. एकाला बढतीसाठी बंगळूरला जाता आले, कारण दुसरीने ठाण्यातले घर आणि मुले सांभाळली. ही तफावत हिशेबात धरली नाही, तर वाटणी अर्धवट राहते.

पुढील विवेचन मुख्यतः हिंदू विवाह कायदा, १९५५ लागू असलेल्या महाराष्ट्रातील जोडप्यांसाठी आहे. पत्नीचे उत्पन्न कमी आहे असे बहुतेक ठिकाणी गृहीत धरले आहे, कारण प्रत्यक्षात तसेच अधिक आढळते. उलट परिस्थितीचा विचार योग्य ठिकाणी केला आहे.

कायदा काय देतो आणि काय देत नाही

सर्वांत मोठा गैरसमज असा की घटस्फोट झाला की पतीची अर्धी मालमत्ता पत्नीला मिळते. हिंदू विवाह कायद्यात अशी कोणतीही तरतूद नाही. मालमत्ता ज्याच्या नावावर, त्याची, हाच आपल्याकडील मूळ नियम आहे. पतीच्या स्थावर मालमत्तेत पत्नीला वाटा देऊ पाहणारे विवाह कायदा दुरुस्ती विधेयक २०१३ मध्ये राज्यसभेत मंजूर झाले होते, पण ते कायद्यात उतरलेच नाही. या उणिवेची भरपाई न्यायालये पोटगीच्या रकमेतून करतात. कलम २४ खाली दावा चालू असतानाची अंतरिम पोटगी, कलम २५ खाली कायमस्वरूपी पोटगी आणि कलम २७ खाली लग्नाच्या वेळी मिळालेल्या, दोघांच्या समाईक वस्तूंची विल्हेवाट, एवढे मार्ग या कायद्यात आहेत. कौटुंबिक न्यायालय कायदा, १९८४ मुळे पती-पत्नींमधील मालमत्तेचा वादही त्याच न्यायालयात नेता येतो. पतीच्या किंवा सासरच्या घरात राहण्याचा हक्क कौटुंबिक हिंसाचार कायदा, २००५ देतो. घर सासूसासऱ्यांच्या नावावर असले तरी ते सामायिक घर ठरू शकते, हे सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये सतीश आहुजा प्रकरणात स्पष्ट केले. तो हक्क राहण्याचा आहे, मालकीचा नाही, हा भेद विसरू नये.

गोव्यात चित्र वेगळे आहे. तेथे १८६७ च्या पोर्तुगीज नागरी संहितेची परंपरा चालू असून लग्नापूर्वी वेगळा करार केलेला नसेल तर पती-पत्नींची मालमत्ता समाईक मानली जाते आणि विभक्त होताना तिचे दोन समान भाग होतात. ज्यांचा विवाह या संहितेखाली झाला आहे, त्यांनी मुंबई-पुण्यात राहत असतानाही गोव्यातील कायदा जाणणाऱ्या वकिलाचा सल्ला घेतल्याशिवाय एकाही कागदावर सही करू नये. विशेष विवाह कायद्याखाली पोटगीचा अर्ज फक्त पत्नीला करता येतो. मुस्लिम, ख्रिस्ती आणि पारशी विवाहांना त्यांचे स्वतंत्र कायदे लागू आहेत. दरमहा निर्वाह खर्चाचा सर्वसाधारण कायदा (पूर्वी फौजदारी प्रक्रिया संहितेचे कलम १२५, १ जुलै २०२४ पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचे कलम १४४) मात्र सर्व धर्मांच्या स्त्रियांना खुला आहे आणि घटस्फोटित मुस्लिम स्त्रीलाही तो लागू होतो, असे सर्वोच्च न्यायालयाने २०२४ मध्ये पुन्हा सांगितले.

या सर्वाचा अर्थ असा की न्याय्य वाटणी हवी असेल तर ती परस्पर संमतीने, लिहून आणि हिशेब मांडून मिळवणे हा सर्वांत खात्रीचा मार्ग आहे. न्यायालयात लढताना कायद्याची चौकट आड येते. संमतीने मात्र दोघांना पटेल ती वाटणी करता येते.

पहिली पायरी : बोलणी सुरू होण्याआधी कागद गोळा करणे

जो कमी मिळवतो, त्याला बहुधा घरातल्या पैशांची पूर्ण माहिती नसते. ही माहितीची तफावत उत्पन्नाच्या तफावतीपेक्षा अधिक नुकसान करते, म्हणून सुरुवात येथून करावी. गेल्या किमान तीन वर्षांची प्राप्तिकर विवरणपत्रे, फॉर्म १६, वेतनपावत्या, सर्व बँक खात्यांचे उतारे, भविष्य निर्वाह निधीचे पासबुक, पीपीएफ, म्युच्युअल फंड आणि डीमॅट यांचे एकत्रित खातेपत्रक, विमा पॉलिसी, गृहकर्जाचे मंजुरीपत्र आणि शिल्लक कर्जाचे पत्र, क्रेडिट कार्डांची बिले, स्वतःचा सिबिल अहवाल, या सर्वांच्या प्रती काढून घराबाहेर सुरक्षित ठेवाव्यात. घराचा करारनामा आणि सूची क्रमांक २, म्हणजे सर्वजण ज्याला इंडेक्स टू म्हणतात तो, नोंदणी विभागाच्या संकेतस्थळावरूनही शोधता येतो. जमीन असेल तर सातबारा आणि आठ-अ, शहरातील मिळकत असेल तर मिळकत पत्रिका काढावी. मात्र जोडीदाराच्या वैयक्तिक ईमेलमध्ये किंवा बँक खात्यात त्याचा पासवर्ड वापरून शिरू नये. त्यातून नवा गुन्हा अंगावर येऊ शकतो, आणि तीच माहिती न्यायालयामार्फत रीतसर मागवता येते.

ती मागवण्याचे साधन बळकट आहे. रजनेश विरुद्ध नेहा या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने ४ नोव्हेंबर २०२० रोजी असे ठरवून दिले की पोटगीच्या प्रत्येक प्रकरणात दोन्ही पक्षांनी मालमत्ता आणि देण्यांचे सविस्तर प्रतिज्ञापत्र दाखल केलेच पाहिजे. त्याचा नमुना निकालासोबत जोडलेला आहे आणि शेतीवर जगणाऱ्यांसाठी वेगळा नमुना आहे. परस्पर संमतीने वेगळे होणाऱ्यांनीही हा नमुना भरून एकमेकांना द्यावा, असा माझा आग्रह आहे. इतकी परिपूर्ण प्रश्नावली दुसरी मिळणार नाही, आणि सहीनिशी दिलेली माहिती पुढे खोटी ठरली तर दाद मागायला आधार राहतो.

पगारदार माणसाचे उत्पन्न लपत नाही. खरी अडचण धंदा आणि शेती असलेल्या घरांत येते. दुकानाचे विवरणपत्र वर्षाला चार लाखांचे असते आणि घरात गाडी मात्र पंधरा लाखांची असते. अशा वेळी जीएसटीची विवरणपत्रे आणि चालू खात्यातील उलाढाल पाहावी, आणि विशेषतः गृहकर्जाच्या किंवा वाहनकर्जाच्या अर्जात स्वतःचे उत्पन्न किती लिहिले होते ते पाहावे. कर्ज मिळवताना कोणीही उत्पन्न कमी लिहीत नाही. शेतीत साखर कारखान्याची ऊस बिले, दूध संघाचे जमाखाते आणि सोसायटीचे पीककर्ज यांवरून उत्पन्नाचा अंदाज येतो. जमीन सासऱ्यांच्या नावावर आणि कसणारा पती, ही ग्रामीण महाराष्ट्रातील नेहमीची स्थिती आहे. वडिलोपार्जित जमिनीत पतीचा हिस्सा किती पडतो, हे वंशावळीवरून आणि जुन्या फेरफार नोंदींवरून वकिलाकडून काढून घ्यावे. त्या जमिनीत मुलगा आणि मुलगी या दोघांचाही जन्मतः हक्क असतो, म्हणून अल्पवयीन मुलांचा हक्क आईवडिलांनी तडजोडीत परस्पर सोडून देऊ नये.

दुसरी पायरी : तीन याद्या आणि एक तारीख

सर्व मालमत्तेची किंमत कोणत्या तारखेची धरायची, हे आधी ठरवावे. वेगळे राहू लागल्याची तारीख किंवा अर्ज दाखल करण्याची तारीख, यांपैकी एक निवडून लिहून ठेवावी; नाहीतर शेअर बाजार चढला की एकजण जुनी तारीख धरतो आणि उतरला की दुसरा.

त्यानंतर तीन याद्या कराव्यात. पहिलीत लग्नाआधीची, वारसाने आलेली किंवा माहेरहून मिळालेली, म्हणजे निखळ स्वतःची मालमत्ता. दुसरीत लग्नानंतर दोघांच्या कष्टांतून उभे राहिलेले सर्व काही, मग ते कोणाच्याही नावावर असो. तिसरीत देणी. दुसऱ्या यादीत भविष्य निर्वाह निधी, ग्रॅच्युइटी आणि कंपनीकडून मिळालेले शेअर्स धरायला लोक विसरतात, आणि जास्त पगार असलेल्याची खरी बचत तेथेच साठलेली असते. अमेरिकेत निवृत्तिनिधीचे खातेच न्यायालयाच्या आदेशाने विभागता येते. आपल्याकडे तशी सोय नसल्यामुळे त्या खात्याची त्या दिवसाची रक्कम हिशेबात धरावी आणि तेवढ्या मोबदल्यात दुसऱ्याला रोख किंवा अन्य मालमत्ता द्यावी. तिसऱ्या यादीत मेहुण्याकडून किंवा मित्राकडून घेतलेली हातउसनी रक्कम अचानक उगवली, तर बँकेतून पैसे आल्याचा पुरावा मागावा. संसारासाठी घेतलेले कर्ज दोघांचे, एकाने स्वतःच्या हौसेसाठी किंवा सट्ट्यासाठी घेतलेले कर्ज त्याचे, हा निकष बहुतेकांना पटतो.

या याद्यांना जोडून कमी मिळवणाऱ्याने एक चौथा कागद तयार करावा : वर्षवार मांडलेला, पैशांत न दिसणाऱ्या योगदानाचा. नोकरी कोणत्या वर्षी सोडली, तेव्हा पगार किती होता, बदलीमुळे किती वेळा नोकरी बदलावी लागली, आजारी सासूची शुश्रूषा कोणी केली, पगार कोणत्या खर्चात गेला. हा कागद भावनेचा नाही, पुराव्याचा आहे. मद्रास उच्च न्यायालयाने २०२३ मध्ये गृहिणीच्या घरातील श्रमांमुळेच पतीला कमाई करून मालमत्ता घेता आली हे मान्य करून तिला त्या मालमत्तेत समान वाटा दिला. तो निकाल महाराष्ट्रातील न्यायालयांवर बंधनकारक नाही, तरी वाटाघाटीत आणि युक्तिवादात त्याचा आधार घेता येतो. कायमस्वरूपी पोटगी ठरवताना कुटुंबासाठी पत्नीने नोकरीचा त्याग केला का, हा घटक सर्वोच्च न्यायालयानेही स्पष्टपणे मोजला आहे.

तिसरी पायरी : स्त्रीधन वाटणीच्या बाहेर काढणे

लग्नात, लग्नाआधी आणि नंतर स्त्रीला मिळालेले दागिने, भेटी आणि रोख रक्कम ही तिची पूर्ण मालकीची आहे. ती वाटायची नसते, परत करायची असते. स्त्रीधन ही पती-पत्नींची समाईक मालमत्ता नाही आणि अडचणीत पतीने ते वापरले तरी ते परत करण्याची जबाबदारी त्याची राहते, असे सर्वोच्च न्यायालयाने २०२४ मध्ये एका निकालात पुन्हा सांगून पत्नीला २५ लाख रुपये देण्याचा आदेश दिला. सराफाच्या पावत्या, लग्नाचे फोटो, लॉकरच्या भेटींची नोंद, सोनेतारण कर्जाचे कागद यांवरून यादी करावी आणि ती वजनात लिहावी : पाटल्या इतके ग्रॅम, मोहनमाळ इतके ग्रॅम. खरेदीच्या वेळची रक्कम लिहिली तर वीस वर्षांपूर्वीच्या भावाने हिशेब होतो आणि नुकसान पदरी पडते. "माझे सर्व स्त्रीधन मला मिळाले" हे वाक्य करारात असतेच. दागिने प्रत्यक्ष हातात आल्याखेरीज त्याखाली सही करू नये.

चौथी पायरी : घराचा हिशेब

एक उदाहरण शेवटपर्यंत सोडवून पाहू. ठाण्यात दोघांच्या नावावर सदनिका आहे. बाजारभाव १ कोटी १० लाख, शिल्लक कर्ज ३८ लाख, म्हणजे निव्वळ किंमत ७२ लाख. घर घेताना पतीने लग्नाआधीच्या बचतीतून ८ लाख आणि पत्नीने दागिने मोडून ६ लाख घातले होते. पतीचा हाती येणारा पगार १,४०,००० आणि पत्नीचा ३८,००० आहे. प्रथम ज्याचे पैसे त्याला परत केले की ७२ मधून १४ गेले, ५८ उरले; त्याचे निम्मे २९. म्हणजे घरात पत्नीचा वाटा २९ अधिक ६, एकूण ३५ लाख, आणि पतीचा ३७ लाख. लग्नानंतर साठलेला निर्वाह निधी आणि गुंतवणूक पतीकडे ३४ लाख आणि पत्नीकडे ७ लाख आहे. मिळून ४१, प्रत्येकी साडेवीस, म्हणून पतीने तिला साडेतेरा लाख द्यायचे. घर पतीने ठेवले तर पत्नीला एकूण ४८ लाख ५० हजार रुपये आणि तिची स्वतःची ७ लाखांची बचत, असा हा हिशेब येतो. हा हिशेब न्यायालय असाच करील असे नाही; वाटाघाटीसाठी दोघांना समजेल असा तो पाया आहे.

आता पत्नी म्हणते, घर मला हवे, मुलांची शाळा जवळ आहे. ही इच्छा अगदी स्वाभाविक आहे, पण येथेच कमी मिळवणारा सर्वांत जास्त फसतो. घर ठेवायचे तर तिला पतीला साडेतेवीस लाख (त्याच्या वाट्याच्या ३७ मधून तिला येणे असलेले साडेतेरा वजा करून) द्यावे लागतील आणि शिवाय ३८ लाखांचे कर्ज स्वतःच्या नावावर घ्यावे लागेल. साडेआठ टक्क्यांनी १५ वर्षांसाठी त्याचा हप्ता सुमारे ३७,४०० रुपये होतो. तिचा पगार ३८,००० आहे. कोणतीही बँक हे कर्ज देणार नाही. म्हणून घर तिला द्यायचे असेल तर एकरकमी पोटगी आणि घराचा हिशेब एकत्र करून पतीने कर्ज फेडून मोकळे घर द्यावे, किंवा धाकट्या मुलाची दहावी होईपर्यंत घर दोघांच्या नावावर ठेवून तिला राहू द्यावे आणि नंतर विकावे, किंवा आताच विकून तिने त्याच भागात लहान घर घ्यावे. माझ्या मते तिसरा पर्याय मनाला सर्वांत कठीण आणि पैशांच्या दृष्टीने बहुधा सर्वांत सुरक्षित असतो.

कर्जाविषयी एक गोष्ट ठळकपणे लक्षात ठेवावी. पती-पत्नींनी आपसांत काहीही ठरवले, न्यायालयानेही ते मान्य केले, तरी बँकेवर ते बंधनकारक नसते. सहकर्जदार म्हणून सही केलेली व्यक्ती कर्ज फिटेपर्यंत किंवा बँक तिला लेखी मुक्त करेपर्यंत जबाबदार राहते, आणि माजी पतीने हप्ते चुकवले तर तिचाही सिबिल गुण घसरतो. "पती हप्ते भरतील" एवढेच लिहून थांबू नये. अमुक तारखेपर्यंत कर्ज एकाच्या नावावर वळवून बँकेचे मुक्ततापत्र आणावे, अशी अट घालावी.

नाव कमी करण्याच्या पद्धतीवर मुद्रांक शुल्क अवलंबून असते. महाराष्ट्रात पती-पत्नींमध्ये राहत्या घराच्या किंवा शेतजमिनीच्या बक्षीसपत्रावर मूळ मुद्रांक शुल्क २०० रुपये आहे. स्थानिक अधिभार आणि नोंदणी फीची चौकशी दुय्यम निबंधक कार्यालयात करावी. विकत घेतलेल्या घरातील हिस्सा हक्कसोडपत्राने सोडला तर मात्र त्या हिस्स्याच्या बाजारमूल्यावर पूर्ण शुल्क लागू शकते. घटस्फोटाचा हुकूमनामा झाला की दोघे पती-पत्नी राहत नाहीत आणि ही सवलत जाते, हे अनेकांना फार उशिरा कळते. दुसरीकडे, बक्षीसपत्र बिनमोबदला असावे लागते आणि एकदा नोंदले की सहज मागे घेता येत नाही, म्हणून ते केव्हा नोंदायचे याचा क्रम वकिलाकडून काटेकोर ठरवून घ्यावा. घर हा अर्जाचाच विषय करून तडजोडीच्या हुकूमनाम्यात त्याचा समावेश करणे, हा दुसरा मार्ग आहे. अर्जात नसलेली मिळकत तडजोडीत घातली तर तिची स्वतंत्र नोंदणी करावी लागते.

वाद चिघळला असेल आणि घर परस्पर विकले जाण्याची भीती असेल, तर न्यायालयाकडून मनाईहुकूम घ्यावा आणि दावा प्रलंबित असल्याची, म्हणजे लिस पेंडन्सची, नोटीस दुय्यम निबंधकाकडे नोंदवावी. महाराष्ट्रात ही नोटीस नोंदवल्याशिवाय दाव्याचा निकाल मध्यंतरी घर घेणाऱ्या खरेदीदारावरही बंधनकारक राहतो, या नियमाचे संरक्षण मिळत नाही.

पाचवी पायरी : पोटगी, दरमहा की एकरकमी

दावा लांबणार असेल तर अंतरिम पोटगीचा अर्ज लगेच करावा, कारण पोटगी अर्जाच्या तारखेपासून मिळते, हेही रजनेश प्रकरणात ठरले आहे. नोटीस बजावल्यापासून ६० दिवसांत या अर्जाचा निर्णय शक्यतो व्हावा असे कलम २४ म्हणते. प्रत्यक्षात वेळ जास्त लागतो, म्हणून हातात सहा महिन्यांचा खर्च ठेवून पुढे जावे. रकमेसाठी कोणतेही ठरलेले सूत्र नाही. २०१७ मध्ये एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने पतीच्या निव्वळ पगाराच्या २५ टक्के रक्कम योग्य मानली आणि तेव्हापासून तो आकडा बोलण्यात वारंवार येतो, पण तो नियम नाही. पत्नी नोकरी करते एवढ्यावरून तिची पोटगी नाकारता येत नाही. संसारात जे राहणीमान होते त्याच्या जवळपास तिला तिच्या पगारात राहता येते का, हे पाहिले जाते.

हिंदू विवाह कायद्याखाली पतीलाही पोटगी मागता येते. मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने २०२२ मध्ये एका शिक्षिकेने निर्धन माजी पतीला दरमहा ३,००० रुपये अंतरिम पोटगी देण्याचा आदेश कायम ठेवला. धडधाकट, कमावण्यास समर्थ पतीला मात्र हा मार्ग सहसा मिळत नाही. पत्नी जास्त कमावत असेल तेव्हाही न्यायाचा निकष तोच : पतीने घरासाठी आपले काम सोडले असेल, तर त्याचीही नोंद चौथ्या कागदावर व्हायला हवी.

एकरकमी रक्कम ठरवताना साधा गुणाकार करू नये. दरमहा २५,००० रुपये १५ वर्षे म्हणजे ४५ लाख, हे झाले ढोबळ गणित. आज हाती आलेल्या पैशावर ७ टक्के परतावा धरला आणि पोटगीत कधीच वाढ होणार नाही असे मानले, तर त्या सर्व रकमांची आजची किंमत सुमारे २७ लाख होते. दरवर्षी ५ टक्के वाढ धरली, तर तीच सुमारे ३७ लाख होते. देणारा २७ वर अडून बसतो, घेणारी ४५ मागते, आणि वाढीचा मुद्दा दोघेही बोलत नाहीत. महागाई खरी आहे, म्हणून वाढ धरलीच पाहिजे. २०२५ मध्ये एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने दरमहा ५०,००० रुपये पोटगी ठरवताना दर दोन वर्षांनी ५ टक्के वाढही लिहून दिली.

देणाऱ्याचे उत्पन्न अस्थिर असेल, तो परदेशी जाणार असेल किंवा पूर्वी पैसे अडवण्याचा अनुभव असेल, तर थोडी कमी का होईना, एकरकमी रक्कम घ्यावी. करातही फरक पडतो : एकरकमी पोटगी भांडवली स्वरूपाची मानली जाते आणि तिच्यावर प्राप्तिकर लागत नाही, तर दरमहाची पोटगी घेणारीचे उत्पन्न ठरते, असे मुंबई उच्च न्यायालयाने फार पूर्वीच सांगितले आहे. देणाऱ्याला तिची वजावट मिळत नाही. शेअर्स किंवा दुसरे घर पोटगीपोटी दिले जाणार असेल, तर भांडवली नफ्याचा प्रश्न सनदी लेखापालाकडून आधी तपासून घ्यावा.

सहावी पायरी : मुलांचा खर्च वेगळा ठेवणे

मुलांचा खर्च पत्नीच्या पोटगीत मिसळू नये. आई स्वतःची पोटगी सोडू शकते, मुलांची सोडू शकत नाही. दोघेही मिळवते असतील तर खर्च उत्पन्नाच्या प्रमाणात वाटावा. वरील उदाहरणात दोघांचे मिळून उत्पन्न १,७८,००० आहे. त्यात पतीचा भाग सुमारे ७९ टक्के. दोन मुलांचा खर्च ३०,००० असेल, तर पतीने सुमारे २३,६०० आणि पत्नीने ६,४०० द्यावेत. "निम्मेनिम्मे" हा शब्द येथे समान वाटतो, पण १५,००० गेल्यावर पत्नीकडे २३,००० उरतात आणि पतीकडे सव्वा लाख. शाळेची फी, क्लास, दवाखाना, बारावीनंतरचे शिक्षण आणि वसतिगृह हे एकेक करून लिहावे. घटस्फोटानंतर जोडीदार कंपनीच्या गट आरोग्य विम्यातून बाहेर पडतो, म्हणून पत्नीसाठी स्वतंत्र विमा हुकूमनाम्याआधीच सुरू करावा.

सातवी पायरी : संमतीच्या अटी लिहिणे

किमान एक वर्ष वेगळे राहिल्यावर कलम १३-ब खाली परस्पर संमतीचा अर्ज करता येतो. अर्ज दाखल करण्याचा पहिला टप्पा आणि संमती पुन्हा नोंदवण्याचा दुसरा टप्पा यांत सहा महिन्यांचे अंतर असते. ते योग्य परिस्थितीत माफ करता येते, हे २०१७ पासून मान्य आहे. हुकूमनामा होईपर्यंत कोणीही संमती मागे घेऊ शकतो, हे लक्षात घेऊन पैसे टप्प्याटप्प्याने द्यावेत-घ्यावेत : काही रक्कम पहिल्या टप्प्याला, उरलेली दुसऱ्या टप्प्याला न्यायालयासमोर डिमांड ड्राफ्टने. पुढील तारखांचे धनादेश शक्यतो स्वीकारू नयेत. प्रत्येक अटीत कोणी, काय, किती, कोणत्या तारखेपर्यंत आणि चुकल्यास किती व्याज, हे पाचही मुद्दे असावेत. दोघांसाठी एकच वकील ठेवण्याची सोय खर्च वाचवते, पण उत्पन्न असमान असताना कमी मिळवणाऱ्याने निदान अंतिम मसुदा तरी स्वतंत्र वकिलाला दाखवावा. पैसे नाहीत म्हणून मागे राहू नये : विधी सेवा प्राधिकरणाकडून स्त्रियांना उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो, आणि महाराष्ट्रात पोटगी, घटस्फोट व मालमत्तेच्या वादांत स्त्रियांना न्यायालयीन शुल्कही माफ आहे. कौटुंबिक न्यायालयातील विवाह समुपदेशक पैशांच्या तडजोडीतही मदत करतात. प्रकट न केलेल्या मालमत्तेसाठीचे एक कलमही त्यांच्यासमोरच मान्य करून घ्यावे. ते कलम असे असावे : यादीत न दाखवलेली मालमत्ता पुढे सापडली तर तिचा निम्मा हिस्सा दुसऱ्या पक्षाला देय राहील.

आठवी पायरी : हुकूमनाम्यानंतरचे तीन महिने

हुकूमनाम्याच्या प्रमाणित प्रती चार-पाच तरी काढून ठेवाव्यात. समाईक खाती आणि लॉकर बंद करावेत, पुरवणी क्रेडिट कार्डे रद्द करावीत. निर्वाह निधी, विमा, बँक, डीमॅट आणि म्युच्युअल फंड, प्रत्येक ठिकाणचे नामनिर्देशन स्वतः बदलावे लागते, कारण घटस्फोट झाला म्हणून जुने नाव आपोआप जात नाही. मृत्यूनंतर पैसे माजी जोडीदाराच्या हाती पडून मग वारसांना त्यांच्यासाठी भांडावे लागते. घराच्या बाबतीत नोंदलेला दस्त गृहनिर्माण संस्थेकडे देऊन भागपत्रावरील नाव बदलून घ्यावे आणि वीजबिल व मालमत्ता कर त्यानुसार करून घ्यावेत. अल्पवयीन मुले असतील तर इच्छापत्र करून त्यात मुलांच्या पैशांची देखभाल कोणी करायची तेही नमूद करावे. पोटगी ठरलेल्या महिन्यात आली नाही, तर तोंडी आठवणींत वर्ष घालवू नये. थकबाकीच्या वसुलीचा अर्ज वेळेत करावा, आणि त्यासाठी पोटगीचे पैसे नेहमी एकाच बँक खात्यात, रोखीने कधीही नाही, असे पहिल्या महिन्यापासून पाळावे.